सौंदर्यासक्ती आणि जैविक आक्रमण : शोभेच्या वनस्पतींच्या स्थलांतराचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

भारताच्या पर्यावरणीय इतिहासाचे लेखन प्रामुख्याने वनकायदे, दुष्काळ, धरणे, रेल्वे आणि नगदी पिके या विषयांभोवती झाले आहे. या साऱ्या विषयांत सत्ता आणि अर्थकारण यांचा हात उघडपणे दिसतो. बागेचा विचार मात्र या इतिहासात क्वचितच होतो. बाग ही निरुपद्रवी, किंबहुना सुसंस्कृतपणाची खूण मानली गेली आणि बागकामाची आवड हा माणसाचा सात्त्विक छंद ठरला. परंतु भारतातील जंगले आणि जलाशय यांना आज ज्या परकीय वनस्पतींनी सर्वाधिक व्यापले आहे, त्यांपैकी घाणेरी आणि जलपर्णी या दोन वनस्पती बागेच्या वाटेनेच आल्या. त्यांना कोणी शत्रूने पाठविले नव्हते किंवा धान्याच्या पोत्यांतूनही त्या आल्या नव्हत्या. त्या सुंदर होत्या म्हणून कोणीतरी त्या हौसेने आणल्या आणि जोपासल्या. पुढे त्यांची कलमे वाटण्यात आली.

प्रस्तुत निबंधात या हौसेचा इतिहास तपासला आहे. बागकाम करणाऱ्याला जे गुण मोहवितात, तेच गुण वनस्पतीच्या अनिर्बंध प्रसाराला कसे कारणीभूत होतात. हौसेची किंमत प्रत्यक्षात कोणाला मोजावी लागली. आणि दोषाचे खापर इतिहासात कोणाच्या माथी फुटले, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने हे विवेचन केले आहे. त्यासाठी बंगाल, दक्षिण भारत व मुंबई इलाख्यातील उदाहरणांबरोबरच ब्रिटनमधील दोन उदाहरणेही घेतली आहेत. भारत या देवाणघेवाणीत केवळ घेणारा नव्हता, देणाराही होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

संग्रहाची वृत्ती आणि वनस्पती-उद्याने

परदेशी वनस्पती आणून लावणे ही काही वसाहतकाळाची निर्मिती नव्हे. दसऱ्याच्या तोरणात मानाने मिरवणारा झेंडू मूळचा मेक्सिकोतील आहे. देवळांच्या आवारात उभा असलेला खुरचाफा आणि संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी याही अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पती होत. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून आली, तर गुलमोहराचे मूळस्थान मादागास्कर बेट आहे. या वनस्पती येथील लोकजीवनात इतक्या मिसळून गेल्या, की त्यांचे परकेपण सांगावे लागते. म्हणूनच परकीय असणे आणि आक्रमक असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. मार्क विल्यमसन या ब्रिटिश अभ्यासकाने १९९६ मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार, आणलेल्या वनस्पतींपैकी साधारण दहातील एक कुंपणाबाहेर पडते, बाहेर पडलेल्यांपैकी दहातील एक स्थिरावते आणि स्थिरावलेल्यांपैकी पुन्हा दहातील एक उपद्रवी ठरते. प्रमाण अल्प आहे. परंतु आणल्या जाणाऱ्या वनस्पतींची एकूण संख्या वाढली की या अल्प प्रमाणाचाही परिणाम मोठा होतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही संख्या झपाट्याने वाढली. ईस्ट इंडिया कंपनीने कर्नल रॉबर्ट किड यांच्या प्रस्तावानुसार १७८७ मध्ये कलकत्त्याजवळ शिवपूर येथे वनस्पती-उद्यान स्थापन केले. दुष्काळात उपयोगी पडतील अशी अन्नझाडे आणि व्यापारास उपयुक्त वनस्पती येथे रुजविणे हा त्यामागील जाहीर हेतू होता. १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कारकिर्दीत या उद्यानाला शास्त्रीय स्वरूप आले. उपयुक्त वनस्पतींसोबत शोभेच्या वनस्पतीही येथे येऊ लागल्या. बियांची व रोपांची परस्पर देवाणघेवाण ही अशा उद्यानांची रीतच होती. १८२० मध्ये विल्यम केरी यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन झाली आणि ही देवाणघेवाण सरकारी वर्तुळाबाहेर, हौशी बागमालकांपर्यंत पोहोचली.

पश्चिम भारतातही हीच प्रक्रिया घडली. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये मुंबई सरकारने वनस्पती-उद्यान सुरू केले आणि पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी त्याची धुरा सांभाळली. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. बाहेरच्या वनस्पती रुजविणारा आणि जंगल राखणारा अधिकारी एकच असावा, यात त्या काळी कोणालाही विसंगती वाटली नाही. गिब्सन व निकोल डॅल्झेल यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बॉम्बे फ्लोरा' या ग्रंथाला बाहेरून आणलेल्या व येथे स्थिरावलेल्या वनस्पतींची स्वतंत्र पुरवणी जोडलेली आहे. एतद्देशीय आणि आगंतुक यांच्यातील भेद त्या काळच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक होता, असा याचा अर्थ होतो. मात्र त्या भेदात त्यांना धोका दिसत नव्हता. आगंतुक वनस्पतींची यादी लांबत जाणे हे त्यांना प्रगतीचेच लक्षण वाटत होते.

या प्रसाराला तंत्रज्ञानाचेही साहाय्य झाले. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद काचपात्रात रोपे दीर्घकाळ जगतात असे आढळले. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत सुखरूप नेण्यात आली. पूर्वी समुद्रप्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याचा तुटवडा यांमुळे बहुसंख्य रोपे मरत असत. ही नैसर्गिक गाळणी वॉर्ड यांच्या पेटीने काढून टाकली. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरील कर रद्द झाल्यावर काचगृहे मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली आणि नव्या, न पाहिलेल्या फुलांची मागणी वाढत गेली.

घाणेरी : कुंपणाकडून जंगलाकडे

लँटाना कॅमारा ही मध्य व दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. सतराव्या शतकात डच लोकांमार्फत ती युरोपात पोहोचली आणि १७५३ मध्ये लिनिअसने तिचे शास्त्रीय नामकरण केले. युरोपातील काचगृहांत तिच्यावर संकराचे अनेक प्रयोग झाले व शेकडो वाण तयार झाले. एकाच गुच्छात पिवळी, केशरी आणि गुलाबी फुले दिसावीत, हा तिचा गुण बागमालकांना विशेष भावला. फूल उमलताना पिवळे असते आणि पुढे त्याचा रंग पालटत जातो, म्हणून हा रंगमेळ घडतो. भारतात जी घाणेरी आली, ती रानातील मूळ वनस्पती नव्हती. माळ्यांनी दीड-दोन शतके निवडून व संकरून अधिक काटक, अधिक फुलणारी केलेली होती. तिच्या पुढील यशाचे एक कारण या पूर्वतयारीत शोधावे लागते.

१८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या उद्यानात शोभेची व कुंपणाची वनस्पती म्हणून लावण्यात आल्याचे मानले जाते. कुंपणासाठी ती आदर्श होती. तिला काटे आहेत, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागते, छाटली की अधिक दाट फुटते आणि फुले जवळजवळ वर्षभर येतात. छावण्या, बंगले, मिशनची आवारे आणि चहा-कॉफीचे मळे यांच्या कडेने ती पसरली. तिची काळी रसाळ फळे बुलबुलासारखे पक्षी आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. कुंपण माणसाला व जनावराला अडवते. पक्ष्याला ते अडवू शकत नाही. बागेची सीमा ही मालकीची सीमा होती. बियांच्या दृष्टीने तिला काहीही अर्थ नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ग, म्हैसूर, निलगिरी येथून घाणेरीविषयीच्या तक्रारी येऊ लागल्या. मोकळी गायराने, फिरत्या शेतीच्या सोडलेल्या जमिनी आणि साफ केलेली वने तिने व्यापली. चंदनाच्या झाडांवर पडलेल्या 'स्पाइक' रोगाशीही तिचा संबंध जोडला गेला. कीटकशास्त्रज्ञ वाय. रामचंद्र राव यांनी १९१६ ते १९१९ या काळात भारत व ब्रह्मदेशातील घाणेरीवरील कीटकांची पाहणी केली आणि ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. हवाई बेटांवर १९०२ मध्येच मेक्सिकोतून कीटक आणून घाणेरी आटोक्यात आणण्याचा प्रयत्न झाला होता. भारतात १९२१ मध्ये फळांवर उपजीविका करणारी माशी आणि १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून पानांचा रस शोषणारा ढेकूणवर्गीय कीटक आणला गेला. तरीही घाणेरी हटली नाही. एका बाहेरच्या जीवाला आवरण्यासाठी दुसरा बाहेरचा जीव आणण्याचा हा मार्ग घाणेरीच्या बाबतीत फारसा फलदायी ठरला नाही. तिचे संकरित वाण इतके विविध आहेत, की एका वाणावर जगणारा कीटक दुसऱ्यावर तितकाच जगेल याची खात्री नसते.

भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार घाणेरीने भारतातील सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर वनक्षेत्रात, म्हणजे अभ्यासलेल्या वनक्षेत्राच्या सुमारे ४४ टक्के भागात, शिरकाव केला आहे. या आकड्यामागील मानवी बाजू महत्त्वाची आहे. घाणेरीच्या जाळीखाली गवत वाढत नाही. त्यामुळे वन्य तृणभक्षी व पाळीव गुरे या दोहोंचा चारा हिरावला जातो, आणि नाइलाजाने ती खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरात राहणाऱ्या सोलिगा आदिवासींचे म्हणणे असे, की ते पूर्वी ठरावीक ऋतूत जमिनीलगतची हलकी आग लावत, तोवर घाणेरी फोफावली नव्हती. अभयारण्य झाल्यावर आगीला बंदी आली आणि जंगल तिने भरून गेले. आगीचा व घाणेरीचा नेमका संबंध काय, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. तथापि ज्यांनी ही वनस्पती आणली नाही, ज्यांच्या अंगणात ती कधी शोभेला लावली गेली नाही, त्यांच्याच जगण्याच्या साधनांवर तिने घाला घातला, ही वस्तुस्थिती त्या वादापलीकडची आहे.

मराठीतील तिची नावेही या संदर्भात बोलकी आहेत. उद्यानाच्या नोंदीत तिचे रंग टिपले गेले. ज्यांना ती रोज तोडावी लागली त्यांनी तिचा उग्र वास टिपला आणि तिला 'घाणेरी' म्हटले. 'टणटणी' हेही तिचे रूढ नाव आहे.

जलपर्णी : तळ्यातील शोभा

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील. तिचे फिकट जांभळे फूल, वरच्या पाकळीवरील मोराच्या पिसासारखा पिवळा ठिपका आणि पाण्यावर तरंगणारी तुकतुकीत पाने यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जगभरच्या शोभेच्या तळ्यांत पोहोचली. बंगालमध्ये ती १८९० च्या दशकात आली. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानातून ती पसरली असे सांगितले जाते, तसेच नारायणगंजच्या एका ताग-व्यापाऱ्याने हौसेने आणल्याचीही कथा आहे. या कथांमधील तपशील वेगवेगळे असले, तरी तिच्या फुलाचा मोह हे कारण त्या सर्वांत समान आहे.

अनुकूल परिस्थितीत जलपर्णीचे आच्छादन सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका रोपापासून आडव्या खोडाने नवे रोप तयार होते, आणि तळाच्या गाळात पडलेल्या बिया अनेक वर्षे जिवंत राहतात. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात पाण्याचे मार्ग म्हणजेच रस्ते होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जलपर्णीने खाड्या व नाले अडविले, होड्यांची ये-जा थांबविली आणि पुराच्या पाण्याबरोबर भातशेतीत शिरून पीक आडवे केले. १९२१ मध्ये बंगाल सरकारने सर जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रासायनिक फवारणी करावी की मनुष्यबळाने ती उपटून काढावी, असा वाद पुढील काळात झडत राहिला. १९३६ मध्ये बंगाल जलपर्णी अधिनियम संमत झाला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीचे निर्मूलन हे निवडणूक-जाहीरनाम्यांतील आश्वासन बनले आणि १९३९ मध्ये फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळाने तिच्या नाशासाठी खास सप्ताह पाळला.

या अधिनियमाने जमीन व पाणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर जलपर्णी काढण्याची जबाबदारी टाकली. प्रशासकीय दृष्टीने हे सोयीचे होते, कारण आणणाऱ्यांचा शोध घेणे अशक्य होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की ज्या फुलाचा आनंद मोजक्या बागमालकांनी घेतला, ते उपटण्याचे श्रम हजारो कुळांच्या वाट्याला आले. आनंद खासगी आणि हानी सार्वजनिक, ही विभागणी शोभेच्या आक्रमक वनस्पतींच्या इतिहासात सर्वत्र आढळते.

कालौघात घडलेला एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. शिवपूरच्या ज्या उद्यानाशी घाणेरीचे व काहींच्या मते जलपर्णीचेही आगमन जोडले जाते, त्याच उद्यानाला २००९ मध्ये जलपर्णी समितीचे अध्यक्ष आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले.

महाराष्ट्रात जलपर्णीचे स्वरूप थोडे निराळे आहे. पुण्यातील मुळा-मुठा, आळंदी-देहूची इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा यांवरील हिरवे आच्छादन हे नागरी सांडपाण्याचे मापक आहे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य होय. त्यामुळे केवळ यंत्राने ती काढली, तरी पाणी दूषित आहे तोवर ती पुन्हा येते. पुण्याकडचे पाणी भीमेवाटे उजनी जलाशयात जाते आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यात ही वनस्पती अडकते. १९८२ मध्ये भारतात आणलेल्या निओकेटिना प्रजातीच्या भुंग्यांनी बंगळूरच्या काही तलावांत चांगले काम केले होते. मात्र अतिप्रदूषित पाण्यात वनस्पतीची वाढ कीटकाच्या भुकेपेक्षा अधिक वेगाने होते. म्हणून एकट्या माळ्याला दोषी धरणेही अपुरे ठरते. बाग वनस्पतीला प्रवेश देते. बिघडलेली भूमी व बिघडलेले पाणी तिला राज्य देते.

उलटा प्रवास : हिमालयातील तेरडा आणि जपानचा नॉटवीड

महाराष्ट्रात गौरीच्या सणाला तेरड्याचे महत्त्व सर्वश्रुत आहे. अनेक घरी तेरड्याची रोपेच गौरी म्हणून आणली जातात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण तेरड्याच्या क्षणिक शोभेवर बेतलेली आहे. याच कुळातील एका हिमालयीन भाईबंदाने मात्र ब्रिटनमध्ये जवळजवळ दोन शतके मुक्काम ठोकला आहे. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचे एकेकाळचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉयल यांच्यामार्फत १८३९ मध्ये हिमालयातील इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा हा तेरडा ब्रिटनमध्ये गेला. माणसाहून उंच वाढणारा, गुलाबी फुलांचा आणि विनासायास उगवणारा हा तेरडा अल्पावधीत लोकप्रिय झाला. ज्यांना काचगृहे परवडत नव्हती, त्यांच्या दृष्टीने ते गरिबाचे ऑर्किडच होते. त्याची शेंग पिकली की स्पर्शाने फुटते आणि बिया काही मीटर दूर उडतात. नदीकाठी पडलेल्या बिया प्रवाहाबरोबर पुढे जातात. हिवाळ्यात ही वर्षायू वनस्पती मरून गेली की काठ उघडे पडतात व मातीची धूप होते. २०१४ मध्ये तिच्यावर उपाय म्हणून तिच्या मूळ प्रदेशातून, हिमालयातून, तांबेरा वर्गातील एक बुरशी ब्रिटनमध्ये सोडण्यात आली. म्हणजे फूलही येथून गेले आणि पावणेदोन शतकांनी त्याचा रोगही येथूनच न्यावा लागला.

जपानी नॉटवीडचे उदाहरण अधिकच उद्बोधक आहे. जपानमध्ये डच वखारीत डॉक्टर म्हणून राहिलेले फिलिप फॉन सीबोल्ट यांनी ही वनस्पती युरोपात आणली. १८४७ मध्ये उत्रेख्त येथील कृषी व उद्यानविद्या संस्थेने वर्षातील सर्वाधिक लक्षवेधी नवी शोभेची वनस्पती म्हणून तिला सुवर्णपदक दिले. १८५० मध्ये सीबोल्ट यांच्या लायडन येथील रोपवाटिकेतून ती क्यू येथील उद्यानात पोहोचली. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द वाइल्ड गार्डन' या ग्रंथात काटक परदेशी वनस्पती बागेच्या मोकळ्या कोपऱ्यांत व रानात सोडून द्याव्यात, असा पुरस्कार केला. त्या वनस्पतींत नॉटवीडही होती. पुढे १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर अधिनियमाने तिला रानात लावणे हा गुन्हा ठरला. पदकापासून गुन्ह्यापर्यंतचा हा प्रवास १३४ वर्षांचा आहे. ब्रिटनमधील ही सारी वनस्पती एकाच मादी रोपाचा विस्तार असल्याचे मिशेल हॉलिंग्सवर्थ व जॉन बेली यांनी २००० मध्ये दाखविले. तिचा प्रसार बियांनी झालेला नाही. मुळांच्या व खोडांच्या तुकड्यांनी, म्हणजे बव्हंशी माणसाच्या हातांनी व फावड्यांनीच, तो झालेला आहे.

गुण आणि उपद्रव यांचे एकमूळ

वरील चारही उदाहरणे एकत्र पाहिली असता एक समान सूत्र दिसते. बागमालकाची अपेक्षा काय असते? रोप लवकर लागावे, निगा कमी लागावी, गुरांनी व किडींनी खाऊ नये, फुले भरपूर व दीर्घकाळ यावीत, पक्षी व फुलपाखरे यावीत, फांदी खोचली तरी जगावी आणि शेजाऱ्याला देण्याइतकी रोपे व्हावीत. या यादीतील प्रत्येक अपेक्षा प्रसाराच्या शास्त्रात आक्रमकतेचे लक्षण म्हणून नोंदविली जाते. मूळ प्रदेशातील कीड व रोग मागे राहिल्याने रोप निरोगी दिसते, आणि या निरोगीपणालाच माळी 'चांगला वाण' म्हणतो. थोडक्यात, आक्रमक वनस्पतींची निवड करण्यासाठी बागकामाहून अधिक कार्यक्षम पद्धत योजूनही सापडली नसती.

दुसरे सूत्र काळाचे आहे. नॉटवीडच्या बाबतीत पदक आणि गुन्हा यांत शतकाहून अधिक अंतर आहे. घाणेरीच्या बाबतीत आगमन आणि व्यापक तक्रारी यांतही काही पिढ्या गेल्या. दोष प्रकट होईपर्यंत लावणारा हयात नसतो. त्यामुळे अनुभवातून शहाणपण येण्याची जी नेहमीची रीत आहे, ती येथे लागू पडत नाही. एका पिढीचा छंद दुसरीच पिढी निस्तरते.

येथे कालविपर्यासाचा दोष टाळणेही आवश्यक आहे. जैविक आक्रमणाची शास्त्रीय मांडणी चार्ल्स एल्टन यांच्या १९५८ च्या ग्रंथाने रूढ झाली. १८०९ मधील माळ्याला ही परिभाषा उपलब्ध नव्हती, तेव्हा त्याच्यावर आजचे ज्ञान लादून खटला चालविणे अनैतिहासिक ठरेल. मात्र आजच्या बागमालकाला ही सवलत मिळू शकत नाही.

दोषारोपाचा इतिहास

समाजाने या वनस्पतींचा दोष कोणाला दिला, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये जलपर्णीला 'जर्मन' वनस्पती म्हटले गेले. ती शत्रूने मुद्दाम सोडली असा समज पसरला. महाराष्ट्रात गाजर गवताला 'काँग्रेस गवत' हे नाव मिळाले आणि ते अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर आले, अशी धारणा दृढ झाली. वस्तुतः पुण्यातील गाजर गवताचा आढळ १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातील असून त्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. भारताचा पीएल-४८० करारही १९५६ च्या ऑगस्टमधला आहे. म्हणजे रूढ कथा तारखांशी जुळत नाही. गाजर गवत शोभेचे नव्हते. तरीही या उदाहरणातून लोकमानसाची रीत कळते. आपत्तीला शत्रू, परकीय सत्ता किंवा सरकार असा चेहरा हवा असतो. फुलांच्या हौसेला असा चेहरा देता येत नाही, कारण ती हौस बहुतेकांच्या घरी असते. म्हणूनच घाणेरीला कोणत्याही पक्षाचे वा राष्ट्राचे नाव मिळाले नाही.

कायदा, बाजार आणि वर्तमान

आंतरशासकीय जैवविविधता मंच 'इप्बेस'च्या २०२३ च्या अहवालानुसार मानवी व्यवहारांतून जगभर ३७,००० हून अधिक परकीय प्रजाती नव्या प्रदेशांत पोहोचल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक उपद्रवी आहेत. नोंदविलेल्या नामशेष प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या ऱ्हासात त्यांचा पूर्णतः वा अंशतः वाटा आहे. भारतात १९१४ च्या विध्वंसक कीटक व कीड अधिनियमाचा रोख प्रामुख्याने शेतीवरील कीडरोगांकडे होता. वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ मध्ये प्रथमच आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या करून त्यांची आयात, व्यापार व बाळगणे यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देण्यात आला. कायदा झाला, परंतु रोपवाटिकेच्या फळीवर वनस्पतीचा स्वभाव सांगणारी चिठ्ठी सहसा नसते. तेथे फुलांचा रंग आणि किंमत हीच माहिती पुरेशी मानली जाते.

वर्तमानातील एक उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. पुण्याच्या टेकड्यांवर व रस्त्यांच्या कडेने अलीकडच्या वर्षांत पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे ताटवे पसरलेले दिसतात. ही मेक्सिकोकडील शोभेची वनस्पती आहे. पावसाळ्याच्या अखेरीस ती फुलते तेव्हा लोक तिची छायाचित्रे काढतात आणि तो निसर्गाचा चमत्कार समजून आनंदित होतात. त्याच जागी सोनकी, कुर्डू आणि रानतेरडा यांचा हंगाम असतो. कास पठारासह पश्चिम घाटातील काही स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो अशाच छोट्या, ऋतुमानाशी बांधलेल्या देशी वनस्पतींच्या विविधतेमुळे. कॉसमॉस या विविधतेला किती हानी पोहोचवील, हे पुढील दशके ठरवतील. परंतु घाणेरीच्या इतिहासातील दशके ज्या स्वस्थतेत गेली, त्या स्वस्थतेचे आजचे रूप ओळखण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

दुसरीकडे, जे संकट हटत नाही त्यातून उपजीविका शोधण्याचे प्रयत्नही झाले आहेत. दक्षिण भारतातील आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काठ्यांपासून फर्निचर बनविले. निलगिरी परिसरातील कारागिरांनी त्याच काठ्यांतून घडविलेले पूर्णाकृती हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत मांडण्यात आले. हे कौशल्य कौतुकास्पद आहे. तथापि एका वस्तूची किंमत मिळाली म्हणून हरवलेले कुरण परत येत नाही, याचे भान सुटता कामा नये.

समारोप

शोभेच्या आक्रमक वनस्पतींचा इतिहास हा हेतू आणि परिणाम यांच्यातील अंतराचा इतिहास आहे. त्यात लूट किंवा द्वेष आढळत नाही. कुतूहल, औदार्य आणि सौंदर्यदृष्टी हेच त्यातील प्रेरक घटक आहेत. शेजाऱ्याला कलम देणे हा आपल्याकडे स्नेहाचा व्यवहार मानला जातो आणि तो तसाच राहावा. मात्र या अभ्यासावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की वनस्पतीचे परकेपण हा निकष नसून तिचे वर्तन हा निकष असला पाहिजे. अन्यथा झेंडूही दोषी ठरेल. दुसरा असा, की हानीचा भार नेहमी बागेबाहेरच्या माणसावर, म्हणजे कुळावर, गुराख्यावर, मच्छीमारावर, आदिवासीवर पडतो. म्हणून बागेची आवड हा निव्वळ खासगी प्रश्न मानता येत नाही. तिसरा निष्कर्ष शिक्षणसंस्थांशी निगडित आहे. महाविद्यालयांच्या आवारांत दरवर्षी वृक्षारोपण होते आणि सुशोभीकरणासाठी रोपे खरेदी केली जातात. वनस्पतिशास्त्र विभागाने त्या यादीवर नजर टाकणे आणि इतिहास विभागाने आवारातील प्रत्येक झाड कोठून, केव्हा व का आले याची नोंद तयार करणे, हे दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे. अशी नोंद १८६१ च्या ग्रंथाच्या पुरवणीत सापडते. तिच्या पुढच्या रकान्यात त्या वनस्पतींचे नंतर काय झाले, हे लिहिण्याची जबाबदारी आजच्या अभ्यासकांची आहे.